ग्वाल्हेरचा उन्हाळा: "आम्हाला सवय आहे" म्हणणाऱ्यांनो, या चुका टाळा

नौतपा लागला, म्हणजे २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत गेला की आमच्या लष्करात (ग्वाल्हेरचा जुना भाग, फौज नाही) दरवर्षी एकच वाक्य ऐकू येतं, "अहो आम्ही ग्वाल्हेरचे, आम्हाला कसली लू लागते, सवय आहे." लू म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, आणि त्याने होणाऱ्या उष्माघातालाही इथे लू लागणं म्हणतात. सगळ्या चुका या वाक्यापासूनच सुरू होतात. सवय होते, नाही असं नाही, रोज थोडं थोडं उन्हात गेलं तर आठ-पंधरा दिवसांत अंग जास्त घाम गाळायला आणि घामातलं मीठ वाचवायला शिकतं. पण ४६ डिग्रीत तासन् तास राहायची सवय कोणालाच होत नाही, आणि जी होते तीसुद्धा आठवडाभर एसीत बसलं की उतरायला लागते. पुण्या-नाशकाकडून मुंजीला आलेल्या पाहुण्यांना तर ती नसतेच, त्यांना किल्ला दाखवायचाय तर सकाळी लवकर न्या, आणि आल्या आल्या पहिल्याच दुपारी महाराज बाड्यावर खरेदीला काढू नका प्लीज.

आता कूलर. यात सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा सविस्तर सांगते. मागच्या मेमध्ये आत्याकडे गेले होते, दौलतगंजातलं जुनं दगडी घर. कूलर खोलीच्या आत स्टुलावर ठेवलेला, दारंखिडक्या गच्च बंद, का तर "अगं थंडावा बाहेर जातो ना". आत पाऊल टाकलं तर चादर दमट, फरशी चिकट, आत्याच्या कपाळावर घाम तसाच आणि डोकं दुखतंय म्हणून ती पडून होती. टेबलावर उघड्या डब्यात उडदाचे पापड होते, एक उचलला तर तो वाकला, मोडलाच नाही, पार सादळलेला. ग्वाल्हेरात मेमध्ये पापड सादळतो म्हणजे खोलीत किती ओल कोंडली असेल बघा, आणि हवेत ओल भरली की घाम वाळत नाही, घाम वाळला नाही की अंग गार होत नाही.

कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, त्यामुळे त्याला सतत बाहेरची कोरडी हवा लागते आणि आतली ओलसर हवा बाहेर जायला वाट लागते. म्हणून कूलर खिडकीत, त्याची पाठ बाहेर, आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं. आम्ही तेवढंच केलं, उचलून खिडकीत बसवला आणि मागचं दार किलकिलं ठेवलं, अर्ध्या तासात आत्या उठून बसली आणि चहा टाकते म्हणाली.

पाणी भरताना आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, लोखंडी बॉडीचा कूलर आणि खराब अर्थिंग यात दर उन्हाळ्यात माणसं जातात. कूलरच्या जाळ्यांमधली घास, म्हणजे पाण्याने भिजणारं गवत, दर सीझनला नवी लावा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून वाळवा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या काठाला चिकटून बसतात, नुसतं पाणी बदललं तर ती तशीच राहतात. आणि जूनच्या शेवटी हवा दमट झाली की कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा.

कूलर नसेल तर सकाळी नऊच्या आत खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि रात्री बाहेरची हवा गार झाली की सगळं उघडायचं. लोक नेमकं उलट करतात, दुपारी "वारा येऊ दे" म्हणून खिडकी उघडतात आणि लू घरात घेतात. खोलीच ४० च्या वर गेली असेल तर कोरडा पंखा गरम हवाच अंगावर मारतो, तेव्हा अंग ओलं करा, मानेवर आणि हातांवर ओला पंचा ठेवा. आंघोळीचं पाणी रात्रीच बादलीत भरून ठेवा, दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं.

फोनवर ४५ दिसलं की लोक समजतात बाहेर ४५ आहे. तो आकडा सावलीतला असतो, हवामान खात्याचा थर्मामीटर हवा खेळणाऱ्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर ठेवतात. भर उन्हात डांबरी रस्त्यावर स्कूटीवर बसलेल्या माणसाला कितीतरी जास्त ताप लागतो. मैदानी भागात ४५ ला लूची लाट धरतात आणि ४७ ला तीव्र लाट, तेव्हा बारा ते चारची कामं सरळ पुढे ढकला.

पिण्याचं म्हणाल तर पन्हं उत्तमच, पण त्यात मीठ घाला, साखरेचं सरबत करू नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते एका ग्लासात ढवळून पाजलं तर मीठ जास्त होतं आणि लहान मुलांना त्याचा त्रास होतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. दुकानातली फळांच्या चवीची गोड खोकी म्हणजे ओआरएस नाही, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, अशा पेयांवर तो शब्द लिहायला बंदी केली आहे. बीपीसाठी पाणी काढणारी गोळी चालू असेल तर किती पाणी प्यायचं, गोळीचं काय करायचं ते मे लागायच्या आधीच डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. आणि खिशातला कांदा... आजीची माया मला कळते, माझ्याही दप्तरात असायचा, पण कांदा कोशिंबिरीत खावा, खिशात ठेवून ऊन अडत नाही, तो आहे म्हणून टोपी न घालता निघणं तर फारच वाईट.

हवेबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय, की प्रदूषण म्हणजे दिवाळीनंतरचं धुकं. उन्हाळ्यात राजस्थानकडून आंधी आली की धूळ भरते, आणि कडक उन्हात गाड्यांच्या धुरातून जमिनीलगत ओझोन तयार होतो, तो दुपारी जास्त असतो आणि दिसत नाही. त्यात एक्यूआयचा, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा धुळीसाठी २४ तासांची सरासरी असतो, म्हणजे आत्ता आंधी आली तर तो लगेच वाढलेला दिसेलच असं नाही, डोळ्यांवर विश्वास ठेवा. तोंडाला बांधलेला गमछा मोठी धूळ अडवतो, बारीक नाही, त्यासाठी एन ९५ लागतो, आणि ओझोन तर त्यानेही अडत नाही, त्यावर उपाय म्हणजे दुपारी घरात राहणं. दम्याच्या माणसांनी पंप खिशात ठेवावा, तापलेल्या गाडीत नाही. आंधी दिसली की आधी कूलर बंद करून खिडकी लावा, नाहीतर तो सगळी धूळ ओढून आत आणतो. अंगण झाडायच्या आधी पाण्याचा हलका सडा मारा, आपल्या घरात पूर्वी मारायचेच. पानं आणि कचरा पेटवू नका.

शेवटची चूक जिवावर बेतते. माणूस उन्हातून आला, असंबद्ध बोलायला लागला, तोल जातोय, अंग भट्टीसारखं तापलंय, की घरचे म्हणतात ताप आला, पॅरासिटामॉल द्या. हा तो ताप नाही, त्या गोळीने उतरत नाही. आणि घाम येतोय म्हणजे लू नाही असंही धरू नका, मेहनत करणाऱ्याला लू लागली तर घाम असू शकतो. १०८ ला फोन लावा आणि त्याच वेळी सावलीत आणून कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, मान, काखा, जांघा इथे बर्फ कापडात गुंडाळून ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाईल. गाडी दारात येईपर्यंत हात थांबवू नका, एकाने पाणी ओतायचं, दुसऱ्याने वारा घालायचा.