ब्रेनचिपवर बोलायला बसण्यापूर्वी

मंडळी, पुढच्या रविवारी सकाळी अकराला आमच्याकडे, वेंटवर्थव्हिलला. विषय ब्रेनचिप, म्हणजे सिडनीच्या शेअर बाजारात नोंदलेली ती छोटी चिप कंपनी. आपल्या बैठकीत हा विषय निघाला की दर वेळी एकच होतं: पहिली वीस मिनिटं चिपबद्दल, पुढचे दोन तास भावाबद्दल, आणि उठता उठता कुणीतरी विचारतं, "अरे पण मर्सिडीजचं काय झालं?" या वेळी तसं होऊ नये म्हणून ही तयारी. रविवार मुद्दाम निवडलाय. सिडनीचा बाजार बंद असतो, आणि फोनवर हिरवं-लाल बघत बोलणाऱ्याशी वाद घालण्यात काही अर्थ नसतो.

सगळ्यात आधीचं काम कंपनीबद्दल एक ओळही न वाचता करायचंय. कोऱ्या कागदावर दोन वाक्यं लिहा. हा शेअर कधी आणि काय ऐकून घेतलात (नसेल घेतला, तर का घ्यावासा वाटतो), आणि काय घडलं तर विकाल. 'भाव दुप्पट झाला तर' हे उत्तर चालणार नाही, कंपनीत काय घडलं तर, ते लिहा. कागद पाकिटात घालून चिकटवून आणा. मला हे उशिरा सुचलंय. काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका चिमुकल्या कंपनीत मी पैसे घातले, ते 'मोठ्या ग्राहकाशी बोलणी चालू आहेत' एवढ्यावर. बोलणी फिसकटली, पण तोवर मी 'तंत्रज्ञान चांगलं आहे' म्हणून धरून बसले होते. वर्षभराने त्याचं 'इतका पडलाय, आता काय विकायचा' झालं. तिन्ही कारणं त्या त्या वेळी मला अगदी मनापासून पटली होती. कागद असता तर पहिलं कारण मेल्याचं निदान दिसलं असतं.

मग चिप. सगळ्यांनी इंजिनियर व्हायला नको, पण एवढं प्रत्येकाला सांगता यावं. नेहमीच्या संगणकात गणित करणारा भाग एकीकडे आणि मेमरी दुसरीकडे असते, आणि आकडे सारखे इकडून तिकडे वाहावे लागतात. वीज जाते ती या हमालीत. स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली मांडलेला हिशेब आम्हा चिपवाल्यांना तोंडपाठ असतो: ४५ नॅनोमीटरच्या चिपवर ३२ बिटांच्या दोन पूर्णांकांची बेरीज करायला ०.१ पिकोज्यूल (ऊर्जेचं अगदी चिमुकलं माप) लागतात, आणि तेवढाच एक आकडा बाहेरच्या मेमरीतून, म्हणजे डीरॅममधून, आणायला सुमारे ६४०. म्हणजे भाजी दहा रुपयांची आणि रिक्षाचं भाडं चौसष्ट हजार. न्यूरोमॉर्फिक चिपची कल्पना अशी, की मेमरी गणिताच्या शेजारी बसवायची, आणि समोर काही बदललं तरच काम करायचं, मेंदूतल्या पेशीसारखं. ब्रेनचिपची अकिडा मालिकेतली एकेडी-१००० ही चिप २८ नॅनोमीटरवर तैवानच्या टीएसएमसीत बनलेली आहे. कंपनी तिच्यात १२ लाख न्यूरॉन आणि १,००० कोटी सिनॅप्स, म्हणजे त्यांच्यातले जोड, मोजते. हे न्यूरॉन म्हणजे साधी डिजिटल सर्किटंच आहेत, कुणी 'कृत्रिम मेंदू' वगैरे बोलायला लागलं तर तिथेच थांबवा.

'काही बदललं तरच' या तीन शब्दांवर जरा वेळ घालवा, कारण सगळा धंदा तिथे आहे. दारावरचा कॅमेरा डोळ्यांसमोर आणा. दिवसाचे तेवीस तास समोर तीच फरशी, तीच कुंडी. तिथे ही चिप जवळजवळ झोपून राहील आणि बॅटरी टिकेल. आता त्याच कॅमेऱ्यासमोर निलगिरीची फांदी असू द्या आणि वारा सुटू द्या. पानं हलताहेत, प्रत्येक पान म्हणजे बदल, आणि चिपला झोप नाही. विजेची बचत अशी जागेवर ठरते. म्हणून 'इतक्या पटीने कमी वीज' असा आकडा कुणी आणला तर सोबत तीन गोष्टी आणा: कोणतं काम करताना मोजला, अचूकता किती होती, आणि नुसत्या चिपचा आहे की सेन्सर, मेमरी, मुख्य प्रोसेसर धरून सगळ्या बोर्डाचा. यातलं एक जरी नसलं तरी आकडा घरी ठेवा. तुलना कुणाशी केली तेही पाहा. ग्राफिक्स कार्डाशी तुलना करून जिंकणं सोपं आहे, पण ग्राहकाच्या टेबलावर समोर असतो आर्मचा इथॉस किंवा सिंटियांटसारखी छोटी, नेहमीच्या पद्धतीची, स्वस्त चिप. 'पुरेशी चांगली आणि आजच मिळते' हाच ब्रेनचिपचा खरा प्रतिस्पर्धी.

क्षेत्राचा इतिहासही थोडा चाळा. न्यूरोमॉर्फिक हा शब्द कॅलटेकच्या कार्व्हर मीड यांनी ऐंशीच्या दशकात रूढ केला. आयबीएमने २०१४ साली ट्रूनॉर्थ दाखवली, १० लाख न्यूरॉन, सुमारे ७० मिलिवॉटवर चालणारी. इंटेलने २०१७ साली लोइही आणली, आणि २०२४ साली १,१५२ लोइही-२ चिपा जोडून हाला पॉइंट नावाची यंत्रणा उभी केली, ११५ कोटी न्यूरॉनची. खिसा इतका खोल असूनही दोघांचं काम संशोधनाच्या दालनातच राहिलं. याचा अर्थ मैदान मोकळं आहे असा लावायचा, की इथे मैदानच नाही असा? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारणार आहे. दोन्ही उत्तरं चालतील, 'बघू' चालणार नाही.

आता नावांचं काम, हे काकांकडे. बँकेत चाळीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासले आहेत, तेच इथे करायचंय. एका कागदावर तीन रकाने आखा: पैसे देऊन चिपच्या आराखड्याचा परवाना घेतला ते, 'भागीदार' म्हणवतात ते, आणि एकदा प्रयोग करून पाहिला ते. पहिल्या रकान्यात जपानची रेनेसास (डिसेंबर २०२०), जपानचीच मेगाचिप्स (नोव्हेंबर २०२१) आणि अंतराळातल्या प्रोसेसरांसाठी फ्रंटग्रेड गाइस्लर (डिसेंबर २०२४). अमेरिकन हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेचं रडारचं काम, १८ लाख अमेरिकी डॉलरचं, तेही पैशाचंच, पण परवाना नव्हे. त्याला खाली वेगळी ओळ द्या. दुसरा रकाना लांबलचक होईल: आर्म, सायफाइव्ह, इंटेलची फाउंड्री, प्रोफेसी, आणि ऑगस्ट २०२३ पासून टाटा एल्क्सी. टाटा म्हटलं की आपली मंडळी विरघळतात, माझे सासरेही. पण भागीदारीचं निवेदन आणि चेक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सहसंस्थापकांपैकी एकाचं नाव अनिल मानकर, आणि ते ऐकून कुणीतरी गावाची चौकशी करणारच. ती जेवताना करा.

मर्सिडीज तिसऱ्या रकान्यात. तिचा किस्सा नीट माहीत असू द्या, कारण निम्मे भागधारक त्या दारातून आत आले. जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला मर्सिडीजने व्हिजन ईक्यूएक्सएक्स ही प्रायोगिक गाडी दाखवली. त्यात 'हे मर्सिडीज' ही हाक ओळखायला ब्रेनचिपची अकिडा वापरली होती आणि ती नेहमीच्या पद्धतीपेक्षा पाच ते दहा पट काटकसरी असल्याचं म्हटलं होतं. डिसेंबरात एका डॉलरखाली असलेला भाव जानेवारीत सव्वादोनच्या वर गेला, म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत सुमारे ४०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. त्याच निवेदनात न्यूरोमॉर्फिक तंत्र अजून बाल्यावस्थेत असल्याचंही लिहिलेलं होतं, आणि पुढे, अशा यंत्रणा काही वर्षांतच बाजारात येतील, असं. वाक्याचा दुसरा भाग सगळ्यांना पाठ झाला. २०२३ संपताना भाव वीस सेंटच्या खाली होता. गाडीत नवी चिप बसायची तर आराखडा, नमुने, उष्णता-थंडी-कंपनाच्या चाचण्या, मग त्या मॉडेलच्या उत्पादनाचा मुहूर्त, यात सहज चार-पाच वर्षं जातात. 'पी हळद आणि हो गोरी' इथे चालत नाही, आणि यात कंपनीची लबाडी नाही, या धंद्याची चालच तशी आहे.

तिमाहीचा कागद मात्र प्रत्येकाने स्वतः उघडायचा. कुणाच्या सारांशावर जाऊ नका. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या शेवटाला एएसएक्सवर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारावर, परिशिष्ट ४सी हा रोकडीचा तिमाही अहवाल येतो, आपण ज्याला नुसतं 'फोर-सी' म्हणतो. पहिली पानं, रंगीत मजकूर, अध्यक्षांचा उत्साह, सगळं ओलांडून तक्त्यावर या. ओळ १.१: ग्राहकांकडून आलेली रोकड. त्याखाली १.२ मध्ये खर्च फोडून दिलेला असतो: संशोधन किती, पगार किती, कचेरी किती. ६.१ मध्ये संचालकांना आणि संबंधितांना दिलेले पैसे. मग थेट ८.५, म्हणजे आहे त्या पैशात याच वेगाने किती तिमाह्या निघतील. आकडे हजार अमेरिकी डॉलरमध्ये आहेत हे वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. मागे एकदा आपण अर्धा तास ऑस्ट्रेलियन समजून भांडलो होतो, आठवत असेल. एक शहाणपण: ८.५ चा आकडा त्या एका तिमाहीच्या खर्चावर काढलेला असतो. त्या तिमाहीत एखादा मोठा चेक आला असेल तर आकडा उगाच गुटगुटीत दिसतो. म्हणून वहिनींनी मागच्या आठ तिमाह्यांची १.१ आणि ८.५ ही दोनच ओळी एका कागदावर उतरवून आणाव्यात. हातानेच लिहा, लिहिताना जे दिसतं ते पडद्यावर दिसत नाही.

वर्षाचे आकडे मी इथेच देते. परवान्यांचे पैसे आले त्या २०२२ साली महसूल सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलर, २०२३ साली सुमारे २ लाख ३० हजार, २०२४ साली ४ लाखांच्या आसपास. २०२३ चा तोटा जवळपास २ कोटी ९० लाख. परवान्याचं उत्पन्न असंच येतं, एकदम आणि मग नाही. रॉयल्टी ही पुढची पायरी, ग्राहकाने चिप विकली की दर चिपमागे थोडं. तेव्हा विचारायचा प्रश्न 'महसूल का पडला' हा नव्हे. पहिले परवाने घेऊन इतकी वर्षं झाली, त्यातून बनलेली कोणती वस्तू दुकानात आहे, हा.

तोटा भरायचा कुठून? नवे शेअर काढून. एलडीए कॅपिटल या गुंतवणूक संस्थेशी २०२० साली करार झाला. कंपनीने नोटीस द्यायची, त्यांनी बाजाराच्या सरासरी भावापेक्षा थोड्या कमी दराने नवे शेअर घ्यायचे. पैसा येतो, शेअर वाढतात. २०२२ च्या सुरुवातीला १७० कोटींच्या आसपास असलेले शेअर २०२४ संपताना जवळपास २०० कोटी झाले. 'परत सव्वादोनला जाईल' म्हणणाऱ्याने पुढे २०० कोटींनी गुणून दाखवायचं. गणकयंत्र मी टेबलावर ठेवीन.

दोन वाद हमखास निघतील, त्यांची तयारी करून या. पहिला: मोठमोठे करार झालेत पण गुप्ततेच्या अटींमुळे सांगता येत नाहीत. एएसएक्सचा नियम ३.१ वाचा. भावावर परिणाम करणारी माहिती लगेच जाहीर करावी लागते. बोलणी अर्धवट असतील आणि गुपित राहिली असतील तर सूट मिळते. म्हणजे गुप्त बोलणी असू शकतात, पण गुप्त पैसा फार काळ राहत नाही, तो ओळ १.१ मध्ये उगवतोच. दुसरा: शॉर्टवाल्यांनी, म्हणजे भाव पडेल म्हणून उसने शेअर विकणाऱ्यांनी, भाव पाडला. आसिक, म्हणजे बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था, रोज शॉर्टचे आकडे देते, कामकाजाचे चार दिवस उशिराने. आरोप करणाऱ्याने ते आणावेत. मला स्वतःला हा वाद कंटाळवाणा वाटतो. ज्या कंपनीकडे रोख येते तिला शॉर्टवाले फार दिवस दाबून ठेवत नाहीत.

मे महिन्यातल्या वार्षिक सभेला ज्यांना जायचंय त्यांनी एकच प्रश्न लिहून आणा, एका वाक्याचा, ज्याचं उत्तर आकड्यात किंवा तारखेत येईल. 'भविष्याबद्दल काय वाटतं' असं विचारलंत तर दहा मिनिटं भविष्य ऐकाल. संचालक-अधिकाऱ्यांच्या मोबदल्याच्या ठरावाचा नियमही पाहून ठेवा: लागोपाठ दोन वर्षं पंचवीस टक्के मतं विरोधात पडली तर अख्खं संचालक मंडळ पुन्हा मताला लावण्याचा ठराव मांडावा लागतो.

माझं मत विचाराल तर माझ्यापुरती ही गाजराची पुंगी आहे, आणि तेवढ्याच पैशांची घेतलीय. मी परवानाधारक सल्लागार नाही, हे दरवेळचं वाक्य इथेही लिहून ठेवते. पुण्याहून भाचा 'मावशी, घेऊ का?' म्हणून विचारतोय, त्याला मी आधी फोर-सी पाठवलंय. अजून उघडलेलं दिसत नाही.

राहिलेली कामं. छापील कागद आणा, माझा प्रिंटर रुसलाय. लॅपटॉप एकच, तोही काकांकडे. पाकिटं दारातल्या तांब्याच्या घंगाळात टाका, जेवणानंतर ज्याचं त्यानेच फोडायचं आणि वाचून दाखवायचं. मिसळ मी करते, फरसाण हॅरिस पार्कहून येताना कुणीतरी आणा, जाड शेव बघून घ्या.