तळ्याची पायपिंग करायला बसायच्या आधी काय काय हाताशी पाहिजे

घरामागे तळं करायचं ठरलं की सगळे खड्डा, लायनर (खड्ड्यात अंथरायचं जाड प्लास्टिक) आणि दगड यांच्यामागे लागतात, पाईप आणि फिटिंग मात्र "होऊन जाईल ते" म्हणून शेवटाला राहतं आणि गळती नेमकी तिथूनच सुरू होते. आमचं नाशिकजवळच्या मखमलाबादचं तळं आठ बाय पाच फूट, दोन फूट खोल, म्हणजे साधारण 2200 लिटर पाणी. पहिल्याच उन्हाळ्यात एका रात्री फिल्टरपाशी नळी निपलवरून (नळी चढवायच्या खाचांच्या तोंडावरून) निसटली, पंप आपला चालूच, सकाळी बघते तर सगळं पाणी बागेत आणि मासे तळाच्या चिखलात. अकरातले चार वाचले. ती नळी एका पातळ क्लिपवर सोडलेली होती. तेव्हापासून मी सगळं सामान समोर मांडून, कोरडं जोडून बघितल्याशिवाय पाईप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडतच नाही, आणि तुम्हीही उघडू नका.

सुरुवात कागदावर करा. पंपापासून फिल्टर, तिथून धबधब्यापर्यंत रेघ ओढायची आणि जिथे जिथे जोड येतो तिथे लिहायचं की कुठला पाईप, माप आतलं का बाहेरचं, आणि जोड चिकटवायचा, आट्यांचा का क्लिपचा. हे माप प्रकरण नीट समजून घ्या कारण अर्ध्याहून जास्त घोळ इथेच होतो. नाशकात पाईपचं दुकान म्हणजे आधी द्राक्षवाल्यांचं दुकान, "एक इंची द्या" म्हटलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "ताई, शेतीचा का घरचा?" आणि तो बरोबरच विचारतो, कारण शेतीचा करडा पाईप बाहेरून 32 मिमी असतो, घरातला पांढरा एक इंची बाहेरून 33.4 मिमी, आणि आपली लवचिक सक्शन (पाणी ओढायची) नळी मोजतात आतून, 25 मिमी. तिघांनाही एक इंचीच म्हणतात! करडा पाईप पांढऱ्या सॉकेटमध्ये जातो, पण सैल जातो, मग लोक सोल्युशन भरभरून ओततात आणि वाटतं जमलं. नाही जमत ते. दीड इंचीला तर शेतीचा 50 आणि घरचा 48.3, आत शिरतच नाही. म्हणून दुकानात जाताना घरी असलेल्या प्रत्येक पाईपचा बोटभर तुकडा पिशवीत टाकून न्या आणि फिटिंग तिथल्या तिथे चढवून बघा, दुकानदाराला घाई असली तरी.

पाईप कितीचा घ्यायचा? पंपाचं तोंड एक इंची आहे म्हणून पुढे पण एक इंचीच, असं करू नका. दीड इंचीत आतली जागा सव्वादोन पट होते, ताशी 3000 लिटर पाणी एक इंचीतून सेकंदाला 1.7 मीटरने पळतं, दीडमधून पाऊण मीटरच्याही आत, आणि वेग कमी म्हणजे पंपावरचा ताण कमी. पंपाच्या खोक्यावर लिहिलेले लिटर आणि उंची हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत, उंची वाढली की लिटर घटतात, हे धबधबा किती उंच करायचा ते ठरवताना लक्षात ठेवा. वळणाला शक्यतो नळीच मोठ्या गोलाईने वळवा, एल्बो (वळणाचा जोड) लागलाच तर 90 अंशाचा एक लावण्यापेक्षा 45 चे दोन बरे.

नळी कसली घ्यायची, तर पंप बाहेर ठेवणार असाल तर ओढीच्या बाजूला, म्हणजे पाणी पंपात शिरतं तिथे, आत कडक स्प्रिंगसारखा वेटोळा असलेलीच, साधी पारदर्शक नळी ओढीला चपटी होते. ड्रिपची काळी लॅटरल (शेतातली ठिबकची नळी) स्वस्त मिळते म्हणून मोह होतो, पण ती पॉलिथिनची, तिला पीव्हीसीचं सोल्युशन चिकटतच नाही, ती फक्त तिच्या स्वतःच्या फिटिंगवरच. आमच्याकडे काळी माती आहे, पावसात फुगते, मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि कडक पाईपचे जोड त्यात ओढले जातात, म्हणून पुरायच्या चरात लवचिक नळीच बरी. घुशींचा त्रास असेल तर नळी जिथून जाते तिथे जाड पाईपचं कवच घाला.

आता सामान. हॅकसॉ, पॉलिश पेपर, मार्कर, सोल्युशन, टेफ्लॉन टेप, स्क्रू ड्रायव्हर, एक जुना टॉवेल, गरम पाण्याची बादली, भांडी घासायचं साबणाचं पाणी, लोहचुंबक. चुंबक कशाला, तर क्लिपसाठी. स्टीलची म्हणून विकतात, पट्टी असते स्टीलची आणि स्क्रू साधा, तो सहा महिन्यांत गंजतो. स्क्रूला चुंबक घट्ट चिकटला की ती क्लिप परत करा. प्रत्येक निपलला दोन क्लिप धरून हिशोब करा आणि वर दोन-चार जास्त घ्या. पंपाजवळ युनियन (हाताने उघडता येणारा जोड) हवाच, नाहीतर साफ करायला दर वेळी नळी कापावी लागेल. बॉल व्हॉल्व (पाणी कमी-जास्त करायची चावी) पंपातून पाणी बाहेर पडतं त्या बाजूला लावायचा, ओढीच्या बाजूला आवळायचा नाही.

थंडीत नळी काठीसारखी ताठ होते, डिसेंबर-जानेवारीत तर सकाळी हात लावून बघाच, म्हणून गुंडाळी आदल्या दिवशी उन्हात पसरून ठेवा. जोडताना टोक सरळ कापायचं, दोन-तीन इंच गरम पाण्यात अर्धा मिनिट धरायचं, निपलला साबणाचं पाणी लावून शेवटच्या खाचेपर्यंत दाबत न्यायचं. गॅसवर धरू नका, आणि तेल तर अजिबात लावू नका, ते क्लिपखाली राहतं आणि नळी सरकते. दोन्ही क्लिपचे स्क्रू समोरासमोर ठेवा.

आट्यांचं टोक तुमच्याकडे धरून टेपचे घड्याळाच्या काट्यासारखे तीन-चार फेरे, मग हाताने घट्ट आणि वर एक-दोन फेरे पान्याने, त्यापेक्षा जास्त नको, प्लास्टिकची बाहेरची बाजू तडकते आणि ती चीर दुसऱ्या दिवशी दिसते. चिकटवायच्या जोडाला आधी पॉलिश पेपर, मग दोन्हीकडे पातळ सोल्युशन, ढकलताना पाव फेरा आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर पाईप हळूच मागे येतो. पाणी सोडायला एक दिवस थांबा. लायनरला भोक पाडून पाईप काढायचा विचार असेल तर सोडून द्या, काठावरून न्या. विजेच्या बोर्डात 30 मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) आधी बसवून घ्या, पाण्यात हात घालायचाय आपल्याला.

पंप तळाला ठेवू नका, वीतभर वर ठेवा, म्हणजे काहीही निसटलं तरी माशांपुरतं पाणी शिल्लक राहतं. चर उघडा ठेवूनच पूर्ण एक दिवस चालवा, प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेवला की थेंबही कळतो. आणि एप्रिल असेल तर पाणी वाफ होऊन उडतं का गळतं हे कळायला तळ्याशेजारी एक बादली भरून ठेवा, दोन्हीकडे खडूने खूण करा, दुसऱ्या दिवशी दोन्ही सारखंच उतरलं असेल तरच माती लोटा.