आखाजी ते मृग : एका उन्हाळ्याची चिकटवही

जळगावजवळच्या आमच्या आजोळी उन्हाळा आखाजीला रंगात येतो आणि मृगाच्या पहिल्या सरीला संपतो. अक्षय तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधले जातात, खापरावरच्या मांड्यांबरोबर आमरस होतो आणि पुढचे कित्येक दिवस गच्चीवर बिबड्या, कुरडया, पापड वाळत राहतात. या महिना-दीड महिन्याची एक साधी चिकटवही कशी करावी, ते येथे सांगायचे आहे. घराण्याचा सगळा इतिहास एकाच वहीत बसवण्याचा घाट घातला की ती वही पुरी होत नाही. माझ्या दोन वह्या अशाच चौथ्या पानावर अडकून पडल्या आहेत. एक उन्हाळा आणि चोवीस पाने एवढेच ठरवावे, आणि जूनच्या मध्याला मुलांची शाळा उघडण्यापूर्वी शेवटचे पान चिकटवून मोकळे व्हावे. आठ-दहा दुपारींचे हे काम आहे, आणि ऊन ४३-४४ अंशांवर असताना दुपारी घराबाहेर पडून करायचे तरी काय असते!

वही बांधणे

बाजारात चिकट पानांचे आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम मिळतात. ते मी टाळते, कारण काही वर्षांनी त्यांचा डिंक पिवळा पडतो आणि फोटो पानाला असा धरून बसतो की काढू गेल्यास फाटतो. त्यापेक्षा वही घरी बांधावी. स्टेशनरीच्या दुकानात कार्डशीटचा ताव साधारण २२ बाय २८ इंचांचा मिळतो. लांबीचे चार आणि रुंदीचे दोन भाग केले की ११ बाय ७ इंचांची आठ पाने निघतात, म्हणजे तीन तावांत चोवीस पाने होतात. रंग फिकट बदामी घ्यावा. काळ्या पानावर फोटो उठून दिसतो हे खरे, पण या वहीत चिकटवण्याइतकेच लिहायचेही आहे आणि काळ्यावर लिहिणे जिकिरीचे होते.

पान आडवे धरून डाव्या कडेपासून सव्वा इंचावर पट्टी ठेवावी आणि शाई संपलेल्या बॉलपेनचे टोक दाबून वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढावी. जाड कागद या रेघेवर सहज वाकतो. रेघ नसेल तर वही उघडी राहत नाही आणि वाचताना दोन्ही हातांनी दाबून धरावी लागते. यानंतरची गोष्ट बहुतेक जण विसरतात. वस्तू चिकटवत गेले की पाने मध्ये फुगतात, पण शिवणीची बाजू तेवढीच राहते, आणि भरलेली वही पंख्यासारखी फाकते. यावर जुन्या बाईंडरांचा उपाय सोपा आहे: प्रत्येक दोन पानांच्या मध्ये, शिवणीच्या बाजूला, त्याच कागदाची एक इंच रुंद पट्टी घालावी. त्यासाठी चौथा ताव आणावा. मग पाने आणि पट्ट्या एकावर एक रचून, कडेपासून अर्ध्या इंचावर दाभणाने तीन भोके पाडावीत आणि जाड दोरा ओवून गाठ मारावी. गाठ फार आवळू नये, कारण एखादे पान पुढे वाढवायची वेळ हमखास येते.

मुखपृष्ठाला वहीपेक्षा पाव इंच मोठा पुठ्ठा घ्यावा आणि त्यावर घरातले जुने कापड चढवावे. आमच्या वहीला आजीच्या विरलेल्या लुगड्याचा काठ आहे. कापड चिकटवायला घरची खळ उत्तम. दोन मोठे चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा, त्यात एक वाटी उकळते पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत राहावे, आणि मिश्रण दुधी रंग सोडून काचेसारखे दिसू लागले की उतरवावे. कीड लागू नये म्हणून बाईंडर खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी असल्यामुळे मुले हाताळणार असतील तेथे वापरू नये. खळ गार झाल्यावर पातळ थरात लावावी. कापड ओढून बसवल्यावर पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही कागद चिकटवावा, नाहीतर वाळताना पुठ्ठा एकाच बाजूला वाकतो. नंतर वजनाखाली एक रात्र ठेवावा. पाट्याइतके दमदार वजन दुसरे नाही.

फोटो आणि वस्तू

सातशे फोटोंतून तीस निवडणे हेच या कामातले सर्वांत कठीण काम आहे, आणि ते एकट्या मोठ्या माणसाने करू नये. घरातल्या प्रत्येकाने आपले तीन फोटो सांगावेत; लहान मुले जो फोटो मागतात तो बहुधा हललेला, अर्धवट कापलेला आणि अगदी खरा असतो. छापताना ४ बाय ६ इंचांचा नेहमीचा आकार घ्यावा. शिवणीची जागा सोडून पानावर पावणेदहा इंच उरतात, त्यात एक आडवा फोटो आणि शेजारी लिहायला तीन इंचांची पट्टी व्यवस्थित बसते. लहान फोटो हवे असतील तर एकाच ४ बाय ६ मध्ये चार फोटो मांडून छापून घ्यावेत. कापल्यावर प्रत्येक २ बाय ३ इंचांचा होतो.

फोटोला मागून डिंक लावू नये. ओल्या डिंकाने फोटो मुडपतो, आणि सेलोटेप तर काही वर्षांत तपकिरी होऊन आपला डाग मागे ठेवून सुटते. फोटो कोपऱ्यांत अडकवावा. कोपरे विकत मिळतात, पण लग्नसराईत आलेल्या पत्रिकांची पाकिटे घरात पडलेली असतातच. पाकिटाचे खालचे दोन कोपरे तिरके कापले की दोन तयार त्रिकोणी खिसे हाती येतात. दोन पाकिटांत एक फोटो बसतो. डिंक लावायचा तो या कोपऱ्यांच्या पाठीला, तोही काडीच्या टोकाने.

तिकिटांच्या बाबतीत मी स्वतः फसले आहे. एसटीचे यंत्रातून निघालेले तिकीट मी हौसेने पहिल्याच पानावर लावले आणि दुसऱ्या वर्षी तेथे कोरा पांढरा कागद होता. असा कागद उष्णतेने उमटतो आणि उष्णतेने, उजेडाने, काही डिंकांनीही पुसला जातो. ओळखायची खूण सोपी आहे: कागदावर नखाने जोरात ओरखडा काढावा, काळसर रेघ उमटली तर तिकीट टिकणारे नाही. त्याची झेरॉक्स काढून ती चिकटवावी आणि तारीख, गाव, भाडे शेजारी हाताने लिहून ठेवावे.

पाने-फुले वहीत घालण्यापूर्वी पूर्ण वाळलेली असावीत. वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर जाड पुस्तके रचावीत आणि पहिल्या चार दिवसांत कागद रोज बदलावा. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, कोकणातल्या दमट हवेत तीन आठवडेही लागतील. बोगनवेलीची रंगीत पाने मुळातच कागदासारखी असल्याने सर्वांत छान राहतात, कडुलिंबाची डहाळीही टिकते. मोगरा मात्र तपकिरी होतो. त्याचा मोह सोडावा. आणि खाण्याचा कोणताही पदार्थ चिकटवू नये. माझ्या भाच्याने एका वर्षी एक आख्खी कुरडई अत्यंत प्रेमाने चिकटवली होती आणि आषाढात त्या पानावर मुंग्यांची रांग लागली. त्यानंतर आम्ही एक युक्ती काढली: सकाळच्या तिरप्या उन्हात कुरडई पानाशेजारी उभी धरायची आणि तिची जी जाळीदार सावली पानावर पडते ती दुसऱ्याने पेन्सिलीने गिरवायची. सावली सरकत असते, म्हणून घाई होते, रेघा चुकतात, आणि ते चित्र फोटोपेक्षा गोड येते.

लिहिणे

माझ्या मते वहीचे खरे मोल या भागावर ठरते. फोटोत कोण आहे ते पुढच्या पिढीला ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक फोटोखाली नावे डावीकडून उजवीकडे, नात्यासह लिहावीत, आणि तारीख व गाव द्यावे. "मामी" एवढेच लिहिले तर तीस वर्षांनी कोणाची मामी, हा प्रश्न उरतोच. लिहायला साधे बॉलपेन किंवा पेन्सिल वापरावी. जेल पेनची शाई पावसाळ्यात फुटते.

नावांखाली दोन-तीन वाक्ये असावीत. "आखाजीला खूप मजा आली" या वाक्याने काहीही कळत नाही. त्याऐवजी आमच्या वहीत असे आहे: "झोक्याचा दोर या वर्षी नवा आणला. जुना तुटला तेव्हा मधली मावशी पडली होती, आणि दोर मामानेच ढिला बांधला होता असे ती अजून म्हणते. मामाला हे मान्य नाही." अशी वाक्ये मिळवायची तर वडीलधाऱ्यांना "तुमच्या वेळचा उन्हाळा कसा होता?" असे मोघम विचारू नये; त्यावर "छान होता" एवढेच उत्तर येते. झोका कोणत्या झाडाला होता, दोर कोणाकडून आणत, पाणी कोठून भरत, आंबे किती डझन येत आणि कोठे झाकून ठेवत, असे विचारावे. मोबाईलवर आवाज टिपून घ्यावा आणि त्यातली वाक्ये तशीच उतरावीत. आजी "आखाजी" म्हणत असेल तर "अक्षय तृतीया" असे सुधारून लिहू नये. ती अहिराणीत बोलली असेल तर अहिराणीच राहू द्यावी. याच जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव यांनी आणि घरातल्यांनी ऐकून उतरवून ठेवली, म्हणून आज ती आपल्याला वाचता येतात.

ज्यांना लिहिता येते त्यांच्याकडून एखादे पान त्यांच्याच हाताने लिहून घ्यावे. आमच्या वहीत बिबड्यांची कृती आजीच्या अक्षरात आहे. ज्वारीचे माप फुलपात्रात दिले आहे आणि मिठापुढे फक्त "अंदाजाने" असे लिहिले आहे. ओळी उजवीकडे उतरत गेल्या आहेत, शेवटच्या ओळीवर हळदीच्या बोटाचा ठसा आहे. हे पान दुसऱ्याने सुवाच्य करून लिहू नये.

लहान मुलांना चित्राचे पान द्यावे. आम्हाला साधलेले सर्वांत चांगले चित्र म्हणजे गच्चीवरच्या अंथरुणांचा नकाशा. पाण्याची टाकी कोठे, जिना कोठे, कडेला कोण झोपते, माठ कोणाच्या उशाशी, घोरणाऱ्या काकांपासून कोण किती लांब, हे सगळे एका सात वर्षांच्या मुलीने चौकोन काढून दाखवले आहे. काकांचा चौकोन तिने इतरांच्या दुप्पट काढला आहे, आणि काकांनी त्यावर लेखी हरकत नोंदवली आहे. सजावटीचे स्टिकर, चमकी, रंगीत फिती यांचा सोस यापुढे आपोआप कमी होतो. पानावर थोडी जागा मोकळी राहिली तरी ती भरू नये, कारण दिवाळीत कोणीतरी वही वाचताना "हे असे नव्हतेच" म्हणून पेन मागणार असतो.

ठेवणे

पाऊस सुरू होण्यापूर्वी वही पूर्ण कोरडी असावी. ओल राहिली तर बुरशी येते, आणि खळीच्या वासाने कसर व झुरळे येतात. पोथ्या जशा बासनात बांधून ठेवत तशी ही वही धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावी आणि घडीत वेखंडाचे दोन तुकडे ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये, कारण आतली दमट हवा बाहेर पडत नाही. पावसाळ्यानंतर एकदा सावलीत उघडून वारे द्यावे. उन्हात ठेवल्यास फोटो उडतात.

बांधून ठेवण्याआधी प्रत्येक पानाचा खिडकीच्या उजेडात, वरून सरळ धरून, मोबाईलवर फोटो काढावा आणि पुण्यात किंवा परदेशात असलेल्या भावंडांना पाठवावा. यातून भांडणेही होतात. वही कोणाच्या घरी राहणार यावर आमच्याकडे दोन वर्षे कुरबुर चालली होती. आता शेवटच्या पानावर एक तक्ता आहे: वर्ष, घर, आणि नेणाऱ्याची सही. आखाजीला वही परत आजोळी यायची आणि पुढचे नाव लिहून जायची. यंदाच्या ओळीत मावशीची सही आहे, आणि शेजारी मामाने लिहिले आहे, "दोर तपासून घेणे."