धंदा सांभाळताना कलेचा रियाज कसा करावा

सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीची ओळख कारखान्याची. ती वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मात्र मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. डोळ्यांना काही रंग नीट कळत नाहीत म्हणून चित्रकार होणं राहिलं, पण रेखाटनाचा हात पक्का झाला आणि पुढे ते यांत्रिक ड्रॉइंग शिकवू लागले. १९१० साली त्यांना कारखान्यासाठी जागा दिली औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी, आणि हे राजेही स्वतः चित्रकार होते.

कला शिकायची ती धंदा सांभाळून वेळ उरला तर, असं आपल्याकडे धरून चालतात. मला हे मुळीच पटत नाही. बारकाईनं बघणं, समोरच्याचं नीट ऐकणं, चार माणसांसमोर न अडखळता बोलणं, या गोष्टी दुकानात बसून आपोआप येत नाहीत. त्या कलेतून येतात, मात्र रोज हात चालवला तर. नुसती नाटकं पाहून किंवा गाणी ऐकून हे होत नाही.

आधी एकच कला निवडा. आपल्या धंद्यात काय कमी पडतंय ते पाहून निवडा. गिऱ्हाइकाशी बोलताना जीभ अडत असेल तर नाटक, मालातला दोष उशिरा दिसत असेल तर चित्र, प्रत्येक गोष्टीची घाई होत असेल तर गाणं किंवा एखादं वाद्य. तीन महिने तीच धरा.

चित्राची सुरुवात आपल्याच मालापासून करा. साधी वही, पेन्सिल, खोडरबर नको. समजा तुमचा बेदाण्याचा व्यवसाय आहे. पाकीट समोर ठेवा आणि दहा मिनिटं जसं दिसतं तसं काढा. दुसऱ्या दिवशी फक्त गिऱ्हाइकाचा हात जिथे लागतो तेवढाच भाग काढा. फाडायची खूण कुठे आहे, वजन कुठे छापलंय, दाणा दिसतो की नाही, हे काढताना लक्षात येतं. मग रस्त्याच्या पलीकडे उभं राहून स्वतःचं दुकान काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल. जे काढता आलं नाही त्याची पानाखाली नोंद करा, बहुतेक वेळा तिथे आपण कधी नीट पाहिलेलंच नसतं.

मोठ्या भेटीआधी तालीम करा. सांगलीकरांना हे सांगायला नकोच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणलं. आश्रयदाते, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन १८५१ साली वारल्यावर भावे आपली नाटकमंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. नाटकवाल्यालाही धंदा उभा करावा लागतोच.

तर बँकेत कर्जासाठी जायचंय असं धरा. घरातल्या किंवा शेजारच्या कुणाला तरी मॅनेजर करा. पहिल्यांदा कागद हातात घेऊन बोला. दुसऱ्यांदा कागद बाजूला ठेवा. तिसऱ्यांदा मॅनेजरनं मध्येच तोडावं, फोन घ्यावा, ‘तारण काय?’ म्हणून अडवावं. शेवटी त्यानं एवढंच सांगायचं की आपलं लक्ष कुठे उडालं.

उधारीच्या वसुलीची तालीम तर जरूर करा, आणि त्यात उधारी थकवणारा तुम्ही व्हा. तुमचीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून अंगावर आली की कुठलं वाक्य बोचतं आणि कुठल्यानं माणूस पैसे द्यायला तयार होतो, ते कळतं. पैसे मागणं अनेकांना फार जड जातं. मला वाटतं, त्यांना या तालमीइतका उपयोग कशाचाच होत नाही.

एका वेळी एकच बदल करा. शक्य असेल तर मिरजेत तंतुवाद्यांच्या कारागिरांकडे जाऊन तंबोऱ्याची जवारी लावताना पाहा. जवारी म्हणजे तारेचा आवाज घुमावा म्हणून घोडीला, तारा टेकतात त्या पट्टीला, दिलेला आकार. घोडीवर कानस अगदी हलक्या हातानं फिरते, मग तार छेडून ऐकायचं, मग पुन्हा थोडी कानस. जास्त घासलं गेलं तर गेलेलं परत येत नाही. भाव, पाकीट आणि दुकानाची वेळ एकाच आठवड्यात बदलली तर विक्री कशामुळे हलली हे कधीच समजणार नाही. आधी एक बदला, गिऱ्हाईक काय म्हणतं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, मग पुढचं.

हिशेबाची वही वेगळी ठेवा. कला हिशेब शिकवत नाही. याच मातीतले बालगंधर्व रसिकांच्या गळ्यातले ताईत होते, तरी गंधर्व नाटक मंडळी भव्य नेपथ्य, कपडे, अत्तरं यांवर खर्च करता करता कर्जात बुडाली. क्लासची फी, रंग, वाद्याची दुरुस्ती यांसाठी महिन्याची रक्कम आधीच ठरवा आणि ती घरखर्चातून घ्या, दुकानाच्या गल्ल्यातून नको.

वेळेचं म्हणाल, तर दुकान उघडण्याआधीचा अर्धा तास उत्तम. रात्री गल्ला मोजून झाल्यावर डोकं थकलेलं असतं. महिनाअखेरीला वहीची पानं पहिल्यापासून चाळा आणि खाली लिहून ठेवलेल्या नोंदींपैकी एक तरी गोष्ट दुकानात खरोखर सुधारली का, ते बघा. नसेल सुधारली, तर पुढच्या महिन्याचं काम तेच.