उतारूंचे पाय कापताना जीव वर-खाली करू नका

फोंड्याला आमचं सोनारकामाचं दुकान. ते मुलाच्या हाती दिल्यावर मला छोट्या रेल्वेचा नाद लागला. चिमटा, भिंग, बारीक कानस घरातच होती, त्यामुळे हत्यारांवर खर्च झाला नाही. माझी गाडी एचओ, म्हणजे १:८७ मापाची. कुळे-वास्को पॅसेंजर डोळ्यांसमोर ठेवून निळी रंगवली. पण रिकामी पॅसेंजर कोणी कधी बघितली आहे का? म्हणून डब्यांत छोटे उतारू बसवायला लागलो.

डबा उघडताना बाजू बोटांनी जरा फाकवा आणि फटीत टूथपिक सरकवा. स्क्रू-ड्रायव्हर घुसवलात तर प्लास्टिकवर कायमचे वळ उठतील.

खरी कटकट पायांची. खरा बाक जमिनीपासून ४५ सेंटीमीटर धरला, तर या मापात तो ५ मिलिमीटर हवा. पण माझ्या डब्यात तळाला वजनासाठी लोखंडी पट्टी आहे, तिच्यावर फरशी. बाकाला उरतात जेमतेम ३. माणूस ठेवला की गुडघे वर, पाठ अधांतरी. मग गुडघ्याखाली पाय सरळ कापायचे. तरी उंच वाटला तर बैठक खालून कानशीने घासायची. कमरेखालचं खिडकीतून दिसतच नाही. खांदा खिडकीच्या खालच्या कडेच्या किंचित वर आला की झालं. चिकटवण्याआधी वरचा डबा एकदा नुसता ठेवून बघा, डोकी छताला लागतात.

रंगवलेले तयार उतारू मिळतात. प्रायझर या जर्मन कंपनीचे सुरेख असतात, पण ते महाग, आणि सावर्ड्याला ओव्हरकोट घालून कोण चढतं? मी बिनरंगाचे घेतो. आइस्क्रीमच्या काडीवर दुहेरी चिकटपट्टी लावून त्यावर दहाजण ओळीने बसवतो आणि रंगवतो. डब्यात दिवे असतील तर आधी गडद रंगाचा हात द्या, नाहीतर माणसं कंदिलासारखी आतून उजळतात. साडीसाठी टिश्यू पेपरची ३ मिलिमीटर रुंद पट्टी पातळ फेविकॉलात भिजवून चिमट्याने खांद्यावरून सोडायची. वाळली की पदर कडक उभा राहतो. अंबाड्यावर टाचणीच्या टोकाने केशरी ठिपका दिला की अबोली. पहिली बाई बघून आमची ही म्हणाली, ‘‘अहो, अंबाडा इतका वर कोण बांधतं?’’ खरवडून पुन्हा केला.

सुपरग्लू मात्र नको. एका पावसाळ्यात मी सगळ्यांना त्यानेच चिकटवलं आणि लगेच डबा बंद केला. सकाळी खिडक्या आतून पांढऱ्या! त्याची वाफ काचेवर बसते. फेविकॉलचा एक थेंब बैठकीखाली, एक पाठीला, आणि पावसाळ्यात डबा दोन रात्री उघडा ठेवा.

सगळ्या जागा भरू नका. खिडक्या आधी भरतात, मग मधली माणसं. एकाची मान कापून तिरकी चिकटवा, झोपलेला दिसतो.

दारात उभा राहणारा एक पोरगा हवाच. त्याच्या टाचेत तांब्याची तार घालून फरशीत भोक पाडून रोवा, आणि हात आत ठेवा. माझ्या पोराचा बाहेर होता. पुठ्ठ्याच्या बोगद्यात गेला, परत आला तेव्हा हात नव्हता. अजून सापडलेला नाही.