अलायनर घातल्यावर व्हायब्रेशन डिव्हाइस कसं वापरायचं

अलायनर म्हणजे दात सरळ करायचे प्लॅस्टिकचे ट्रे, ठरलेल्या दिवसांनी एकामागून एक बदलायचे, आणि व्हायब्रेशन डिव्हाइस म्हणजे ट्रे घालून दातात धरायचा, मोटारीने थरथरणारा माउथपीस. सगळ्यात आधी, व्हायब्रेशनने दात दुप्पट वेगाने सरकतात हे डोक्यातून काढा. ब्रिटनमध्ये वीस वर्षांखालच्या ८१ पेशंटवर ट्रायल झाली, त्याचा निकाल २०१५ ला आला, काहींना चालू डिव्हाइस, काहींना मोटार बंद असलेलं, काहींना काहीच नाही, सगळ्यांच्या दातांवर साध्या तारा (ब्रेसेस), आणि दात सरळ होण्याच्या वेगात फरक पडला नाही. दात सरकतो तो मुळाजवळचं हाड एका बाजूला विरघळून दुसऱ्या बाजूला नवीन तयार होतं म्हणून, आणि त्याला वेळ लागतोच. मी वापरते कारण माझा ट्रे त्याने नीट बसतो, बास.

ब्रश, फ्लॉस, मग ट्रे बोटांनी दाबून बसवा. अ‍ॅक्सेलडेंट नावाचं डिव्हाइस ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० कंपनं, वीस मिनिटं असायचं, व्हीप्रो नावाचं १२० हर्ट्झवर पाच मिनिटं. तुमच्याकडे जे असेल त्याचीच वेळ पाळा, जास्त वेळ धरून काही मिळत नाही. मसाजर किंवा इलेक्ट्रिक ब्रशची मागची बाजू दाताला लावायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका, त्यात जोर किती लागतोय कळत नाही.

आता चावणं. इथेच मी महिनाभर चुकत होते. मला वाटायचं घट्ट चावलं की जास्त काम होईल, म्हणून जबडा आवळून बसायचे, आणि सकाळी कानापुढे दुखायचं, जांभई देताना कट्ट वाजायचं. डॉक्टरांनी करून दाखवलं तेव्हा कळलं की माउथपीस दातात पापड धरल्यासारखा धरायचा, पडू नये पण मोडूही नये. जोरात आवळलं की मोटारीचा आवाज दबतो, फारच सैल धरलं की दात खडखडतात, या दोन्हीच्या मधला एकसारखा गुणगुण आवाज शोधा. खांदे खाली सोडा, जीभ सैल ठेवा. लाळ गळते, गळू द्या, रुमाल जवळ ठेवा. आणि टीव्ही बघत करू नका, सीन रंगला की जबडा आपोआप आवळला जातो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

पुढची चूक याहून महाग पडली. डिव्हाइस आहे म्हणून दहा दिवसांचा ट्रे मी मनानेच पाचव्या दिवशी बदलायला लागले. तीन ट्रे झाले आणि वरचा बाजूचा छोटा दात मागे राहिला, प्लॅस्टिक आणि दातात फट दिसायला लागली, मग मागचा ट्रे परत घाला, पुन्हा स्कॅन, दीड महिना पाण्यात. ट्रे बदलायचे दिवस डॉक्टरच ठरवतील, डिव्हाइस नाही. रोज आरशात दाताच्या कडेला फट आहे का बघा, असेल तर तिथे च्युई, म्हणजे ट्रे बसवायला चावायची मऊ नळी, चावा, आणि ट्रे दिवसाचे २० ते २२ तास तोंडात ठेवा, कारण ट्रे डबीत असेल तर कुठलंही मशीन उपयोगाचं नाही.

हिरड्यातून रक्त येतंय, एखादा दात जास्तच हलतोय, नुकताच दात काढलाय किंवा इम्प्लांट बसवलंय, तर विचारल्याशिवाय लावू नका. ठणका लागला की त्या दिवशी बंद.

माउथपीस गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने वाकडा होऊ शकतो.