माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले तर

मॉली किंवा गप्पीच्या परांवर, शेपटीवर रव्याच्या कणांएवढे ठिपके आले आणि मासा दगडाला अंग घासू लागला, की तो बहुधा ‘इक’ हा परजीवी. ठिपका दिसतो तेव्हा तो कातडीखाली असतो. तिथे औषध पोचत नाही. पुढे तो गळून तळाच्या खडीत पडतो, फुटतो आणि त्यातून शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात. औषध मारतं ते यांना. त्यामुळे ठिपके गेले म्हणून औषध लगेच थांबवू नका, बाटलीवर दिलेले दिवस पुरे करा.

पाणी हळूहळू, दिवसाला १-२ अंशांनी, २८ ते ३० अंशांवर न्या (गोल्डफिशला एवढं नको). त्याने परजीवीचं हे चक्र लवकर पुरं होतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून एअरपंप बंद करू नका. खडी सायफनने साफ करत राहा. फिल्टरमधला कोळसा काढा, तो औषधच शोषून घेतो. दुकानदार सांगतात त्या चिमूटभर मिठाने काही होत नाही. जास्त टाकावं तर लोच माशांना सोसत नाही.

नवा मासा आधी ३-४ आठवडे वेगळ्या टबात ठेवा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.